जुन्या मोटारीच्या आवाजाची परीक्षा

आवाजांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. जाते घरघरते, रहाट कुरकुरतो, दाराची बिजागरी करकरते, भांडी खणखणतात आणि पत्रे खडखडतात. जुन्या मोटारीचा मालक दुरुस्तीसाठी मिस्त्रीकडे जातो, तेव्हा ही सारी शब्दसंपत्ती बरोबर घेऊन जातो. गाडी ‘घूंऽ’ करते की ‘खर्रर्र’ करते, हे तो तोंडाने आवाज काढून दाखवितो. मुरलेला मिस्त्री ते सारे शांतपणे ऐकून घेतो आणि मग एकच प्रश्न विचारतो: “आवाज केव्हा होतो?” गाडी उभी असताना की चालताना? क्लचवर पाय असताना की नसताना? एकाच गिअरमध्ये की सर्वांत? ह्या ‘केव्हा’चे उत्तर नीट मिळाले, तर एकही पेच न सोडविता निम्मे निदान होऊन जाते. ते कसे होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

ह्या विषयाचा अभ्यास करावयाचा तर त्याला कोलकात्यासारखे शहर नाही. हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, हावड्याहून वर्धमानकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हिंदमोटर नावाचे एक स्थानक आहे. त्याचे नाव गावावरून पडलेले नाही, कारखान्यावरून पडलेले आहे. १९४२ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्स ह्या कंपनीने आपले काम गुजरातेतील ओखा बंदरातून १९४८ मध्ये उत्तरपाड्याला हलविले. तेथे १९५७ पासून ‘ॲम्बॅसॅडर’ ही मोटार तयार होऊ लागली. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड ह्या गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीवरून ती घेतलेली होती. १९६२ साली कोलकात्याच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने हीच गाडी टॅक्सीचा नमुना म्हणून स्वीकारली, आणि पुढे दोन पिढ्या पिवळी ॲम्बॅसॅडर ही त्या शहराची ओळख होऊन बसली. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे उत्पादन थांबले. तत्पूर्वी, २००८ साली, १५ वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने महानगरातून काढून टाकावीत असा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने दिला होता. नवी गाडी येईना आणि जुनी गाडी टिकेना, अशा कात्रीत सापडून पिवळ्या टॅक्सींची संख्या झपाट्याने घटत गेली. मुंबईकर श्रोत्यांना ह्याच कथेचा दुसरा अध्याय ठाऊक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ‘पद्मिनी’ मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने रस्त्याचा निरोप घेतला.

ह्या दोन्ही गाड्यांचा सांगाडा एकाच परंपरेतला. एंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, आणि दोहोंच्या मध्ये क्लच, गिअरबॉक्स, लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि मागील आस अशी सरळ रांग. म्हणून एकीच्या आवाजासंबंधी जे सांगावयाचे, ते बहुतांशी दुसरीलाही लागू पडते.

आता हा प्रश्न केवळ हौशी लोकांच्या कुतूहलाचा नाही. कोलकात्याचा टॅक्सीचालक बहुधा बिहारमधून आलेला. अनेकदा गाडी त्याची स्वतःची नसते, रोजच्या भाड्याने घेतलेली असते. क्लचमधला एखादा लहानसा भाग बदलावयाचा झाला, तरी एंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. भाग स्वस्त आणि त्याच्यापर्यंत पोहोचणे महाग, असा हा प्रकार आहे. गाडी मिस्त्रीकडे उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली. निदान चुकले, क्लचप्लेट नवी बसविली, गाडी पुन्हा जोडली, आणि तोच आवाज पुन्हा ऐकू आला, तर सारा खर्च दुसऱ्यांदा. शिवाय कारखाना बंद पडल्यापासून सुट्या भागांचा मूळ झरा आटला आहे. मल्लिक बाजारासारख्या जुन्या भागांच्या पेठेत हवे ते मिळेलच असा भरवसा उरलेला नाही. अशा वेळी योग्य निदानाचे मोल भागाच्या किमतीपेक्षा मोठे ठरते.

निदानाची रीत समजण्यासाठी प्रथम ह्या रांगेतील मंडळींची ओळख करून घेतली पाहिजे. एंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला लागून क्लचप्लेट, आणि तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पाय क्लचवर नसेल तेव्हा ही तिन्ही एकजीव होऊन फिरतात. चालकाने पेडल दाबले म्हणजे एक दुबेळक्यासारखा फाटा रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. ते बेअरिंग फिरत्या प्रेशर प्लेटवर टेकते, तिचा दाब काढून घेते आणि क्लचप्लेट मोकळी होते. क्लचप्लेटच्या मध्यातून गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट जातो. त्याचे पुढचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यभागी एका लहान बुशात विसावलेले असते. त्याला पायलट बुश म्हणतात. गिअरबॉक्सच्या आत हा पहिला शाफ्ट खालच्या ले-शाफ्टला फिरवितो, ले-शाफ्टवरची दंतचक्रे वरच्या मुख्य शाफ्टवरील चक्रांना फिरवितात, आणि मुख्य शाफ्टची गती प्रॉपेलर शाफ्टमधून मागे जाते.

ह्या वर्णनातून एक साधा नियम निघतो, आणि सारे निदान त्याच्यावर उभे आहे. जो भाग त्या क्षणी फिरत नाही, घासत नाही किंवा भार वाहत नाही, तो आवाज करू शकत नाही. चौकशी अधिकारी जसा घटनेच्या वेळी कोण कोठे होते हे आधी पाहतो, तसेच येथे करावयाचे. गाडीची अवस्था एकेक करून बदलावयाची, आणि प्रत्येक अवस्थेत कोण फिरते व कोण स्वस्थ आहे हे मनाशी मांडावयाचे.

पहिली परीक्षा एंजिन बंद ठेवून करावी. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला, चाकांना अटकाव लावलेला. आता क्लचचे पेडल हळूहळू चार-सहा वेळा दाबावे आणि सोडावे. एवढ्यानेच जर कुरकुर किंवा चिरचिर ऐकू आली, तर दोष कोणत्याही फिरत्या भागाचा नाही. पेडलाची खीळ, जोडदांड्यांचे बुश किंवा आतला फाटा ज्यावर डोलतो तो टेकू कोरडा पडला आहे. पेडलाशी किंवा बाहेरच्या जोडणीत असेल तर तेलाच्या चार थेंबांत हा आवाज नाहीसा होतो. क्लच गेला असे समजून पुष्कळ गाड्या उगाच उघडल्या जातात, त्यांतील काही खऱ्या अर्थाने एवढ्याच आजाराच्या असतात.

दुसऱ्या परीक्षेत एंजिन चालू करावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि पाय क्लचवरून पूर्णपणे काढून घ्यावा. ह्या अवस्थेत क्लचप्लेट, पहिला शाफ्ट आणि ले-शाफ्ट फिरत असतात. गाडी उभी असल्यामुळे मागचा शाफ्ट मात्र फिरत नाही. आता घरघर ऐकू येत असेल, आणि पेडल पूर्ण दाबताच ती मंदावत जाऊन थांबत असेल, तर संशय पहिल्या शाफ्टच्या मोठ्या बेअरिंगवर किंवा ले-शाफ्टच्या बेअरिंगांवर जातो. पेडल दाबल्यामुळे एंजिन त्यांच्यापासून तुटले, ती थांबली, म्हणून आवाज थांबला.

नेमकी येथेच सर्वांत महाग चूक होते. चालक पाहतो की क्लच दाबला तर आवाज जातो आणि सोडला तर येतो. साहजिकच तो म्हणतो, “क्लच खराब झाला.” वास्तविक क्लचने येथे आपले काम चोख केलेले असते, त्याने गोंगाट करणाऱ्या गिअरबॉक्सला एंजिनापासून अलग केले, एवढेच. पेडलाने आवाज बदलतो ह्याचा अर्थ दोष पेडलाच्या पलीकडच्या भागात आहे असा नव्हे. तो कोणत्या दिशेने बदलतो हे पाहिले पाहिजे. पेडल दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सकडे बोट दाखवितो. पेडल दाबताच सुरू होणारा आवाज क्लचकडे बोट दाखवितो. एवढी एक गोष्ट चालकाच्या ध्यानात राहिली, तरी त्याचे बरेचसे पैसे वाचतील.

ह्याच अवस्थेतील आणखी एक आवाज मात्र वेगळा ओळखावा लागतो. एंजिन अगदी हळू चालत असताना न्यूट्रलमध्ये बारीक खडखड येते आणि एंजिन किंचित वाढविले की ती नाहीशी होते. एंजिनाची गती कधीच पूर्णपणे सारखी नसते. प्रत्येक सिलिंडरच्या स्फोटासरशी ती किंचित उसळते आणि पुन्हा पडते. हे धक्के पोटात घालण्यासाठी क्लचप्लेटच्या मध्यभागी लहान लहान स्प्रिंगा बसविलेल्या असतात. त्या ढिल्या झाल्या की धक्के थेट दातांवर जातात आणि दात एकमेकांवर वाजू लागतात. डिझेल एंजिनाचे धक्के अधिक जोरकस असल्यामुळे डिझेलच्या टॅक्सीत ही खडखड अधिक ऐकू येते. एंजिनाची मंद गती अवाजवी कमी ठेवलेली असली, तरीही ती येते. म्हणून प्रथम ती गती पुस्तिकेप्रमाणे लावून पाहावी.

तिसरी परीक्षा पेडलाच्या पहिल्या स्पर्शाची. एंजिन चालू, न्यूट्रल, आणि पाय अगदी हलका ठेवून पेडलाची मोकळी चाल संपेपर्यंतच दाबावे. ह्या क्षणी रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला टेकते, पण क्लच अजून सुटलेला नसतो. टेकताक्षणी शीळ किंवा घासल्यासारखा आवाज सुरू झाला आणि पाय दाबत जावा तसा तो वाढला, तर रिलीज बेअरिंग झिजले आहे. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत ह्या जागी गोळ्यांचे बेअरिंग नसून ग्राफाइटचे कडे असते. ते झिजले की गुणगुणण्याऐवजी खरखरते. ज्या गाड्यांतील बेअरिंग प्रेशर प्लेटला सतत हलके टेकलेले राहते, त्यांत मात्र स्पर्शाचा असा वेगळा क्षण सापडत नाही. तेथे दाब वाढविल्यावर आवाजाचा सूर बदलतो का, हे ऐकावे.

रिलीज बेअरिंगच्या अकाली झिजेचे कारण पुष्कळदा चालकाच्या पायातच असते. चौकात गाडी गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून उभे राहण्याची सवय गर्दीच्या शहरात सहज लागते. हावडा पुलाच्या तोंडाशी किंवा धर्मतळ्याच्या चौकात गाडी जितका वेळ अशी उभी, तितका वेळ ते बेअरिंग भाराखाली फिरत असते. सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढून घेणे आणि चालताना पेडलावर पाय विसावू न देणे, एवढ्या दोन गोष्टींनी त्याचे आयुष्य पुष्कळ वाढते.

चौथी परीक्षा पायलट बुशाची. हा बुश तेव्हाच घासतो, जेव्हा फ्लायव्हील एका गतीने आणि पहिला शाफ्ट दुसऱ्या गतीने फिरतो. क्लच पूर्ण दाबून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि उभी ठेवली, म्हणजे शाफ्ट स्थिर होतो व फ्लायव्हील त्याच्याभोवती फिरत राहते. ह्या अवस्थेत जर किंचाळण्यासारखा आवाज टिकून राहिला, आणि मोकळी चाल संपतानाच्या हलक्या स्पर्शाला तो मुळीच आला नव्हता, तर दोष रिलीज बेअरिंगचा नसून पायलट बुशाचा. ही परीक्षा करताना गाडीच्या पुढे कोणीही उभे राहू नये आणि ब्रेकवर पाय असावा.

आतापर्यंत गाडी उभीच होती. आता ती हलवावयाची आहे, आणि गिअर पडतानाचा ‘खर्रर्र’ असा आवाज प्रथम विचारात घेऊ. क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग मागे जाण्याचा, म्हणजे रिव्हर्स गिअर टाकावा. रिव्हर्सला बहुधा सिंक्रोमेश, म्हणजे दोन चक्रांची गती आधी जुळवून घेणारी योजना, नसते. क्लच पूर्णपणे सुटत असेल, तर एवढ्या वेळात आतील शाफ्ट थांबलेला असतो आणि गिअर निमूटपणे पडतो. तो खरखरला, तर क्लच अर्धवट सुटतो आहे. मोकळी चाल जास्त झाली आहे, नळीत हवा शिरली आहे, किंवा प्लेट वाकडी झाली आहे. रिव्हर्स शांतपणे पडतो पण चालत्या गाडीत दुसरा किंवा तिसरा गिअर टाकताना तेवढाच खरखरतो, तर त्या गिअरचे सिंक्रोमेशचे कडे झिजले आहे.

येथे जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक अपवाद सांगणे आवश्यक आहे. चार गतींच्या जुन्या ॲम्बॅसॅडरमध्ये आणि पद्मिनीमध्येही पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. गाडी चालती असताना पहिला गिअर टाकू गेल्यास ती खरखरणारच. तो दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. जुने चालक ह्यासाठी क्लच दोनदा दाबीत: एकदा न्यूट्रलमध्ये येण्यासाठी, मग पाय सोडून एंजिन थोडे वाढविण्यासाठी, आणि पुन्हा दाबून गिअर टाकण्यासाठी. ज्याने नव्या गाडीवर हात बसविला आहे, तो जुनी गाडी घेतो आणि पहिल्याच आठवड्यात गिअरबॉक्स उघडावयास सांगतो, तो ह्या अज्ञानापायी.

असाच दुसरा स्वाभाविक आवाज म्हणजे पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमधला लांबलचक हुंकार. त्या चक्रांचे दात सरळ कापलेले असतात. तिरप्या दातांची चक्रे एकमेकांत हळूहळू सरकत मिसळतात. सरळ दाताची संपूर्ण कड एकदम आदळते. ह्या हुंकाराचे गणितही सोपे आहे. एखादा शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ फेरे झाले. त्यावरील चक्राला २० दात असतील, तर सेकंदाला ५०० वेळा दाताला दात लागतो, आणि कानाला तो एक सलग सूर वाटतो. वेग वाढला की सूर चढतो. पण त्यांपैकी एकच दात तुटला असेल, तर दर फेऱ्याला एकच ठोका पडेल, आणि हळू चालवीत असताना तो टकटक असा वेगळा मोजता येईल. म्हणून सूर ऐकला तर झीज समजावी, ठोका ऐकला तर मोड समजावी. ठोका ऐकू येत असताना गाडी पुढे दामटू नये. तुटलेला तुकडा दोन चक्रांच्या मध्ये सापडला तर सारा गिअरबॉक्स फुटतो.

चालत्या गाडीत आवाज एकाच गिअरमध्ये असेल, तर त्या गिअरच्या चक्रजोडीत दोष. पहिल्या तीन गिअरमध्ये आहे आणि चौथ्यात जवळजवळ नाहीसा होतो, तर ले-शाफ्टची बेअरिंगे तपासावीत. कारण चार गतींच्या ह्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर सरळ जोडणीचा असतो, आणि त्या वेळी ले-शाफ्ट फिरत असला तरी भार वाहत नाही. सर्वच गिअरमध्ये सारखा असेल, तर पहिल्या किंवा मुख्य शाफ्टची बेअरिंगे, अथवा दोष गिअरबॉक्सच्या मागेच आहे. ॲम्बॅसॅडरची स्टिअरिंगपाशी बसविलेली गिअरची दांडी हा आणखी एक चकवा आहे. तिच्या लांब जोडदांड्यांचे बुश ढिले झाले म्हणजे त्या खणखणतात, आणि चालकाला वाटते की गिअरबॉक्सच वाजतो आहे. दांडीवर हात ठेवताच आवाज बंद झाला, तर काळजीचे कारण नाही.

गिअरबॉक्सच्या मागचे आवाज गाडीच्या वेगावर अवलंबून असतात. एंजिनाच्या वेगाशी त्यांचा संबंध नसतो. मोकळ्या, सपाट रस्त्यावर एंजिन चालू ठेवून क्षणभर न्यूट्रल केले आणि आवाज तसाच चालू राहिला, तर एंजिन, क्लच आणि बहुतांशी गिअरबॉक्सही सुटले. एंजिन बंद करून मात्र गाडी कधीही ढाळू नये. पाय दाबला-सोडला की ‘खट्’ असा एकच ठोका येतो, तो बहुधा प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा. आपल्याकडील मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. गाडी खेचताना एक सूर आणि पाय सोडल्यावर दुसरा, तर मागील आसातील क्राऊन आणि पिनियन. वळणावर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. आणि डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर येताच बदलणारा आवाज टायरांचा. त्यासाठी काहीही उघडावयाचे नसते.

काही दुखणी आवाजाऐवजी स्पर्शाने आणि वासाने कळतात. क्लच सोडताना गाडी थरथरत निघते, तेव्हा प्लेटवर तेल आले आहे किंवा एंजिनाखालचे रबर फाटले आहे. एंजिन चढते, गाडी मात्र पुढे येत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा प्लेट घसरते आहे.

कोलकात्याच्या हवेची ह्या साऱ्यावर स्वतंत्र छाप आहे. पावसाळ्यात ठनठनियासारख्या सखल भागांत रस्त्यांचे ओढे होतात. तापलेला गिअरबॉक्स एकदम पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि हवा सोडण्याच्या छिद्रातून पाणी आत ओढले जाते. मग तेल दुधाळ चहासारखे दिसू लागते, त्याचे वंगणाचे गुण जातात आणि बेअरिंगांवर गंज चढतो. आवाज सुरू होतो तो कित्येक आठवड्यांनी, तोवर पाण्याची आठवणही उरलेली नसते. म्हणून गाडी पाण्यातून काढल्यावर गिअरबॉक्स आणि मागील आस ह्या दोहोंचे तेल पाहून घेणे हा स्वस्तातला विमा आहे. हौशी लोकांच्या गाड्यांचे दुखणे उलटे. कोलकात्यात १९६८ पासून ‘द स्टेट्समन’ ह्या दैनिकाची जुन्या मोटारींची फेरी भरत आली आहे. अशा सोहळ्यासाठी जपलेली गाडी वर्षातील बहुतेक दिवस दमट हवेत उभीच असते, आणि तिची क्लचप्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटून बसते. अधूनमधून ती चालवीत राहणे, एवढाच त्यावर उपाय.

तेलाच्या बाबतीत एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. अवाजवी दाट तेल भरले, तर झिजलेल्या गिअरबॉक्सचा आवाज काही काळ दबतो. विकावयास काढलेल्या जुन्या गाडीत ही युक्ती केलेली असू शकते. घेणाऱ्याने गाडी गार असताना आणि तासभर चालवून तेल पातळ झाल्यावर, अशी दोनदा ऐकावी. शिवाय मागील आसासाठी बनविलेल्या काही तेलांतील द्रव्ये सिंक्रोमेशच्या पितळी कड्यांना बाधतात. म्हणून तेल कोणते घालावे हे कारखान्याच्या पुस्तिकेवरूनच ठरवावे.

अवस्थेवरून संशयित निश्चित झाला, की जागा पक्की करण्याचे काम कानाकडे येते. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक ह्या वैद्याने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून ऐकले आणि त्यातून स्टेथॉस्कोप जन्मला. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सच्या कवचावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो, त्यात तत्त्व तेच. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादात त्याच्या जवळजवळ पंधरापट वेगाने. म्हणूनच मागचा आवाज पायाखाली आणि पायाखालचा आवाज पुढे आल्यासारखा वाटतो. नुसत्या कानावर विसंबून जागा ठरविणे धोक्याचे. गाडीखाली शिरावयाचे असेल, तर ती भक्कम ठोकळ्यांवर टेकविलेली असावी. एकट्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये.

गाडी एकदा उघडलीच, तर सापडलेला एक भाग बदलून थांबणे शहाणपणाचे नाही. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुश आणि एंजिनाच्या मागच्या बाजूचे तेल अडविणारे सील ही पाचही त्याच वेळी पाहून घ्यावीत, कारण ती गाठण्याचे श्रम एकदाच पडावेत.

ही विद्या फारशी कोणी लिहून ठेवली नाही. ती गॅरेजच्या पडवीत, उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काढलेल्या पोऱ्यांच्या कानांत साठली. गाड्या कमी झाल्या, तसे ते कानही पांगले. कोणी नव्या गाड्यांकडे वळले, कोणी गावी परतले. उरलेल्या चालकाला आता असा मिस्त्री मिळेलच असे नाही, आणि म्हणूनच निदानाचा पहिला भाग त्याने स्वतः करावा हे बरे. त्यासाठी हत्यारे लागत नाहीत. गाडी उभी असताना आवाज होतो का, पेडल दाबल्याने तो जातो की येतो, आणि चालत्या गाडीत तो कोणत्या गिअरमध्ये होतो, ह्या तीन गोष्टी कागदाच्या एका चिठोऱ्यावर टिपून त्याने गॅरेजात जावे. ‘घूंऽ’ की ‘खर्रर्र’ हे त्यानंतर खुशाल सांगावे.